निळ्या उजेडाखालची बाळं

सौदीतल्या दम्मामच्या एका सरकारी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. बाहेर ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. आणि या खोलीत मात्र समुद्राच्या तळाशी असावा तसा निळा, गार उजेड. त्या उजेडात काचेच्या पेट्यांमध्ये उघडी बाळं झोपलेली असतात. अंगावर फक्त लंगोट आणि डोळ्यांवर पांढरी पट्टी. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. नातवंडं बघायला आलेल्या आज्या अबायाचं टोक तोंडाशी धरून ‘माशाल्ला, माशाल्ला’ पुटपुटतात.

या खोलीत वासंतीने आपली उमेदीची सगळी वर्षं काढली. ती देवगडजवळच्या एका खेड्यातली. कोल्हापुरात नर्सिंग शिकली, मुंबईत इंटरव्ह्यू दिला आणि चोविसाव्या वर्षी, आयुष्यात कधी विमान जवळून न बघितलेली मुलगी, दम्मामला उतरली. तिला वाटलं होतं ऑपरेशन थिएटर मिळेल. मिळाली ती कावीळ झालेल्या बाळांची खोली. तिने आईला फोनवर सांगितलं, तर आई हसली.

“कावीळ? ती कोवळ्या उनान उतारता गो. त्याका हॉस्पिटल कित्याक व्हया?”

देवगडात ते खरंही होतं. सकाळच्या उन्हात पोराला मांडीवर उताणं घेऊन बसायचं, चार दिवसांत अंगावरचा पिवळेपणा गेला. पण सौदीच्या या पूर्व किनाऱ्यावरची कावीळ वेगळी, हे वासंतीला पहिल्याच महिन्यात कळलं. इथल्या, विशेषतः कतीफ आणि हसाकडच्या कित्येक घराण्यांच्या रक्तात एक कमतरता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. एरवी माणूस धडधाकट. पण एखादं औषध चुकीचं पडलं, कपड्यांतल्या डांबरगोळ्यांचा वास गेला, कधी काहीही निमित्त न घडता, रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटायला लागतात. मोठ्या माणसाला ते निभावतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा पिवळेपणा मात्र बघता बघता वाढतो आणि मेंदूत शिरतो. मग बाळ वाचलं तरी काहीतरी गमावून वाचतं.

त्यावर उपाय दोन. एक म्हणजे बाळाचं सगळं रक्त बदलायचं, ज्यात जिवाला धोका. दुसरा म्हणजे निळा उजेड.

उजेडाने पिवळेपणा कसा जातो हे वासंती पुस्तकात शिकली होती. कातडीतून निळा उजेड आत शिरतो, आतल्या पिवळ्या द्रव्याची घडण बदलतो, आणि मग ते लघवी-शीतून बाहेर पडतं. परीक्षेत तिने हे घडाघडा लिहिलंही होतं. पण समोर बघितल्यावर तिचा विश्वास बसेना. औषध नाही, सुई नाही. नुसता उजेड आणि तोही एकाच रंगाचा! लाल चालत नाही. पिवळा तर नाहीच नाही. निळाच लागतो.

तिच्या सुरुवातीच्या काळात तो उजेड ट्यूबलाइटचा होता. निळ्या ट्यूबांची एक जाडजूड चौकट पेटीवर टांगलेली असे. ट्यूबा तापायच्या, त्यामुळे चौकट फार जवळ आणता यायची नाही. आणि लांब ठेवली तर उजेड पुरायचा नाही. बाळांच्या अंगातलं पाणी आटायचं. जुन्या झालेल्या ट्यूबा दिसायला निळ्याच, पण आतलं बळ गेलेलं. त्या उजेडात ड्यूटी करून नर्सेसची डोकी गरगरायची. वासंती घरी जाऊन डोळे मिटायची तरी भिंती निळ्याच दिसायच्या.

त्याच खोलीत तिला कुबरा भेटली. कुबरा कतीफची, तिच्याच वयाची, तिच्यासारखीच नर्स. दोघींची सामाईक भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी, मोडकं अरबी आणि पुष्कळसे हातवारे. कुबराने वासंतीला अरबी शिकवलं आणि वासंतीने तिला माशाची आमटी. वासंतीच्या इकाम्याचं, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचं, काम अडलं तेव्हा कुबरा तिच्याबरोबर ऑफिसात जाऊन खिडकीवरच्या माणसाशी भांडली होती. मैत्री म्हणजे अशी.

कुबराला मुलगी झाली तेव्हा ती आईच्या घरी होती. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, घाबरतेस काय, उजेडात ठेव. आणि त्या बिचाऱ्यांनी अगदी मायेने बाळाला दिवाणखान्यातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली गादी घालून निजवलं. ही इथली जुनी समजूत. हॉस्पिटलात उजेड देतात, मग घरातला उजेड का चालू नये? कपडे मोठ्या पेटीतले, थोरल्या भावंडांचे, डांबरगोळ्यांत जपून ठेवलेले. स्वतः नर्स असलेली कुबरा बाळंतपणाच्या तापात पडून होती. तिला शुद्ध आली आणि तिने बाळाचं रडणं ऐकलं. ते रडणं पातळ होतं, वरच्या पट्टीतलं, निळ्या खोलीतल्या बाळांमुळे ओळखीचं. ती किंचाळतच उठली.

वासंतीनेच त्या बाळाला आत घेतलं. चौकटीतल्या सगळ्या ट्यूबा लावल्या. रक्त बदललं, एकदा नव्हे, पुन्हा एकदा. बाळ वाचलं. पण काही महिन्यांनी लक्षात आलं, दार आपटलं तरी ही पोर दचकत नाही. कावीळ तिचे कान घेऊन गेली होती.

त्या मुलीचं नाव हाजरा.

हाजरा मोठी झाली ती वासंतीच्या डोळ्यांसमोर. हुशार, हट्टी आणि देखणी. बोटांनी इतकं भराभर बोलायची की वासंतीला चार शब्दांतला एक कळायचा. सुट्टीच्या दिवशी कुबरा तिला घेऊन वासंतीच्या घरी यायची. वासंतीचा नवरा यज्ञेश नाशिकचा, रास तनुराच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. तो हाजराला यंत्रं उघडून दाखवायचा. त्यांची मुलगी निधी हाजराहून लहान, ती तर हाजराच्या खुणा आईपेक्षा लवकर शिकली.

दरम्यान खोलीत नवे दिवे आले. बालविभागाच्या प्रमुख डॉक्टर प्रमोदिनी, मूळच्या सांगलीच्या, त्यांनी त्यासाठी जंग जंग पछाडलं होतं. खोकी उघडली तेव्हा नर्सेसचा जरा हिरमोडच झाला. ताटाएवढी चपटी पांढरी चकती, तिच्यात मोहरीएवढे ठिपके.

“मॅडम, एवढ्याशाने काय होणार?” वासंती म्हणाली.

“लाव तरी आधी.”

वासंतीने बटण दाबलं आणि खोलीतल्या सगळ्याजणी पुढे सरसावल्या. तो निळा रंग त्यांनी कधी बघितलाच नव्हता. ट्यूबांचा निळा रंग दुधात कालवल्यासारखा असायचा. हा स्वच्छ होता, धारदार. वासंतीने भीत भीत हात खाली धरला. हात उजळून निघाला, पण ऊब म्हणावी तर नाहीच. तिने चकती खाली घेतली, आणखी खाली घेतली. पूर्वी जितक्या अंतरावर बाळ भाजलं असतं तितक्या अंतरावर आता गारवा होता.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “हा उजेड आहे की काय आहे?”

त्या संध्याकाळी तिने यज्ञेशला विचारलं, “अहो, असा दिवा केला तरी कुणी?”

यज्ञेशला अशा प्रश्नांचं वेड. त्याने चहा गार होऊ दिला आणि सांगत बसला. तांबडे आणि हिरवट ठिपके फार पूर्वीपासून होते. त्याच्या रिफायनरीतल्या जुन्या पॅनेलवरही होते. निळा मात्र कुणाला जमत नव्हता. मोठमोठ्या कंपन्यांनी नाद सोडला होता. आणि ज्या जागांनी नाद सोडला नाही त्यांत एक होती जपानमधल्या शिकोकू बेटावरची, आडगावातली, रसायनं बनवणारी कंपनी. ट्यूबलाइटच्या काचेला आतून जी पूड लावतात, ती बनवणं हा तिचा धंदा. तिथून तो उजळ निळा ठिपका बाहेर पडला.

“ट्यूबची पूड बनवणाऱ्यांनी?” वासंतीने विचारलं.

“हो. ज्याने ट्यूबा बंद पाडल्या तो ठिपका ट्यूबवाल्यांकडूनच आला. आणि हा आपला वरचा पांढरा बल्ब आहे ना, त्याच्याही पोटात निळाच ठिपका असतो. त्यावर पिवळ्या पुडीचा लेप देतात. निळा आणि पिवळा मिळून आपल्याला पांढरा दिसतो.”

वासंती मान वर करून कितीतरी वेळ स्वयंपाकघरातल्या बल्बकडे बघत राहिली. निधी आत आली आणि म्हणाली, “मम्मा, व्हॉट आर यू लुकिंग ॲट?” वासंतीने नुसतं बल्बकडे बोट केलं.

खोलीतल्या दिव्यांतले ठिपके त्याच कंपनीचे आहेत, हे तिला पुढे यंत्रं बघणाऱ्या इंजिनियरकडून कळलं. कंपनीचं नाव तिला नीट म्हणता यायचं नाही. ती म्हणायची, ‘आपली जपानी कंपनी’. जणू माहेरची कुणी. नव्या दिव्यांखाली बाळांची कावीळ लवकर उतरायला लागली. रक्त बदलायची वेळ फार क्वचित यायला लागली. नव्याने आलेल्या मुली तर ते कसं करतात हे पुस्तकातच बघायच्या.

हाजराचं लग्न झालं. नवरा तिच्यासारखाच न ऐकणारा, कतीफमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा शांत मुलगा. वर्षभरात तिला दिवस गेले. कुबराने काय काय काळजी घेतली नाही! घरातली डांबरगोळी न्‌ डांबरगोळी शोधून फेकली. बाळाचे कपडे नवे आणून स्वतः धुतले. मेंदीनेही अशा बाळाचं रक्त फुटतं, म्हणून मेंदी घरात येऊ दिली नाही. बाळंतपण सुखाचं झालं, मुलगा झाला, हाजरा बाळाला घेऊन आईच्या घरी गेली. कुबरा रोज त्याला खिडकीशी नेऊन, बोटाने कातडी दाबून रंग बघायची.

एके दिवशी सकाळी तिने बोट दाबून उचललं आणि खाली पिवळा डाग उठला. पायाच्या तळव्यांपर्यंत.

वासंती सकाळच्या ड्यूटीवर नुकतीच आली होती. दार उघडून कुबरा आत आली ती बाळाला छातीशी धरूनच. मागे हाजरा. कुबरा एवढी अनुभवी नर्स, पण तिच्या तोंडून शब्द नीट फुटेना.

“वासंती, खलास. परत तेच.”

“खलास नाही,” वासंती म्हणाली आणि बाळ हातात घेतलं. “काही खलास नाही. दे.”

बाळ झोपाळलेलं होतं. ओठाशी बोट नेलं तर चोखत होतं, पण मन लावून नव्हे. रक्त तपासायला गेलं. आकडा आला तशी डॉक्टर प्रमोदिनींच्या कपाळाला आठी पडली.

“रक्तपेढीला फोन करा. बदलायची तयारी ठेवू. रक्त येईपर्यंत, वासंती, वरून लाव, खालून लाव, बाजूनेही लाव. वाया एक मिनिट नको.”

वासंतीने बाळाला निळ्या गादीवर ठेवलं. गादीच्या आतही तेच ठिपके. वरची चकती जितकी खाली येईल तितकी आणली. तिसरा दिवा कुशीकडून लावला, पेटीभोवती पांढरी चादर गुंडाळली म्हणजे उजेड बाहेर सांडू नये. डोळ्यांवरची पट्टी दोनदा तपासली. पेटीतलं ते एवढंसं अंग उजेडात बुडून गेलं.

मग वाट बघणं.

कुबराला आत थांबवेना. दुसऱ्यांच्या शेकडो बाळांना निभावणारी बाई स्वतःच्या नातवाच्या पेटीशी उभी राहू शकली नाही. बाहेर बाकावर जपमाळ घेऊन बसली. हाजरा मात्र हलली नाही. चादरीच्या फटीतून काचेला तळहात लावून ती उभी होती. आणि थोड्या वेळाने वासंतीच्या लक्षात आलं, की पोर बाळाकडे बघतच नाहीये. ती आपल्याकडे बघतेय. यंत्रांची टीटी तिला ऐकू येत नव्हती, डॉक्टरांचं बोलणं कळत नव्हतं. काय चाललंय हे ती वासंतीच्या चेहऱ्यावर वाचत होती.

आपल्या भुवया, आपले ओठ, सगळं कुणीतरी अक्षरासारखं वाचतंय! तिने चेहरा सैल केला. खोटं हसली नाही. हाजराला खोटं हसू लगेच कळायचं. नुसती कामात राहिली. बाळाला दूध दिलं, लंगोट बदलला. लंगोट गडद पिवळा झालेला बघून तिच्या मनात आलं, निघतंय, काहीतरी बाहेर निघतंय.

हाजराने तळहात वर-खाली करून विचारलं. वाढतंय की उतरतंय?

वासंतीने हात आडवा धरला. अजून माहीत नाही.

दुपारी रक्ताची पिशवी आली. ट्रे मांडला गेला. डॉक्टर प्रमोदिनींनी हात धुवायला घेतले आणि म्हणाल्या, “दुसरा रिपोर्ट येऊ दे, मगच सुई लावते.” फोन वाजला. प्रयोगशाळेतल्या मुलीने आकडा सांगितला. डॉक्टरांनी तो पुन्हा विचारला. मग फोन खाली ठेवून त्या पेटीकडे बघत राहिल्या.

“मॅडम?” वासंतीने विचारलं.

“उतरलाय गं. चांगला उतरलाय.” त्यांनी ओले हात तसेच धरून ठेवले होते. “थांबू या. सुई नको. उजेड चालू दे.”

वासंती वळली. हाजराचे डोळे तिच्यावर खिळलेले. वासंतीने हात कपाळाशी नेला आणि तळहात हळूहळू खाली आणला, छातीपर्यंत, कमरेपर्यंत. हाजराने तो हात खाली येताना बघितला. ती पेटीच्या पायाशी मटकन बसली, आणि तिच्या गळ्यातून आवाज आला. स्वतःला कधी ऐकू न आलेला, मोठा, ओबडधोबड आवाज. बाहेर बाकावरून कुबरा धावत आली. तिला वाटलं संपलं. दारात वासंतीने तिला धरलं आणि कानात सांगितलं. कुबराने वासंतीच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि दोघी त्या निळ्या उजेडात उभ्या राहिल्या.

रक्ताची पिशवी परत गेली. वासंतीने स्वतःच ती पेढीच्या माणसाच्या हातात दिली. संध्याकाळी तिने पुन्हा चकतीखाली हात धरून बघितला. गार. ज्या उजेडाने एका जिवाच्या रक्तातलं विष वितळवलं, तो हाताला साधा जाणवतही नव्हता.

बाळ अजून दिव्याखालीच होतं, तेव्हा एके सकाळी जपानी पाहुणा आला. दिवे विकणाऱ्या एजन्सीच्या माणसाबरोबर, त्या ठिपके बनवणाऱ्या कंपनीतून. नाव ओकामुरा. पन्नाशीचा, बारीक, चष्मा पुसत राहण्याची सवय असलेला. कंपनी नवा ठिपका तयार करत होती आणि जुने कसे वापरले जातात ते बघायला तो निघाला होता. वासंतीला वाटलं, मशीनवाले येतात तसा येईल, मशीन उलटंपालटं करील, जाईल.

तो दारात थांबला. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, आणि मग कमरेतून वाकून नमस्कार केला. समोर डॉक्टर नव्हत्या, नर्सेस बाजूला होत्या. नमस्कार पेट्यांना होता.

तो प्रत्येक पेटीशी गेला. संथ, तोडक्या इंग्रजीत विचारत राहिला. याला किती दिवस? याला का? मग म्हणाला, “मी सारं आयुष्य हा उजेड मोजतो. किती तेज, किती वर्षं टिकेल. पण आमच्याकडे दिवा मोजतात तो काळ्या डब्यात. डब्यात कोणी नसतं.”

वासंतीने त्याला यज्ञेशने सांगितलेली ट्यूबच्या पुडीची गोष्ट विचारली. खरी आहे का?

“माझे वडील तीच पूड बनवायचे,” ओकामुरा म्हणाला. “घरी यायचे तेव्हा बाह्या पांढऱ्या. आई अंगणातच शर्ट झटकायची.”

“आमच्याकडे पूर्वी निळ्या ट्यूबा होत्या. त्यातली पूडही तुमच्याकडचीच का?”

त्याने विचार केला. बरं वाटावं म्हणून हो म्हणाला असता तरी चाललं असतं. “सांगता येत नाही,” तो म्हणाला. “पूड दूरदूर जायची. असू शकेल.”

वासंतीच्या मनात हाजराच्या वेळची ती चौकट उभी राहिली. तेव्हाही कुणाचा तरी बाप कुठेतरी पांढऱ्या बाह्यांनी घरी जात असेल, आणि त्याला माहीतही नसेल.

“हा ठिपका कशाचा असतो?” तिने विचारलं.

“स्फटिक. अणूंचे थर, एकावर एक. ते वाढवायला खाली चकती लागते. साफायरची.”

“साफायर म्हणजे नीलम?” वासंती दचकली. तिच्या आईकडे नीलमाचं नाव घ्यायचीही चोरी. शनीचा खडा. लाभला तर राजा करतो, नाही लाभला तर घर धुऊन नेतो. गावातल्या एकाने अंगठी घातली आणि आठवड्यात काढून समुद्रात टाकली होती. “खरा नीलम?”

“माणसाने बनवलेला. पण तोच. रंग नसलेला, पाण्यासारखा.”

इतकी वर्षं आपण बाळांच्या अंगावर नीलमांचं ताट धरतोय, या विचाराने वासंती पार चक्रावून गेली.

हाजरा हे सगळं लांबून बघत होती. कुबराने तिला बोटांनी सांगितलं, हा दिवा यांनी बनवला. हाजरा तरातरा चालत ओकामुरापुढे आली. कुबराने तिला काय सांगितलंय ते एजन्सीच्या माणसाकडून कळल्यावर तो दोन्ही हात हलवायला लागला. नाही, नाही, मी नाही, आम्ही हजारो जण! हाजराला ते हात कळले. हातांची भाषा तिचीच. तिने मान हलवली, पिशवीतून खजुरांचा डबा काढला आणि त्याच्यापुढे धरला. हा आमच्या वाडीतला, आजोबांच्या झाडाचा, हेही तिने हातानेच सांगितलं. झाड केवढं उंच तेसुद्धा. ओकामुराने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. मग दोघं पेटीशी उभे राहून बराच वेळ खुणांनी काहीतरी बोलत राहिले. एकाला अरबी येत नव्हतं, दुसरीला कुठलाच आवाज कळत नव्हता, आणि दोघांचं मात्र कुठेही अडत नव्हतं. जाताना त्याचा चष्मा पुसून होईना.

घरी पाठवण्याआधी बाळाची ऐकण्याची तपासणी झाली. झोपलेल्या बाळाच्या कानांना छोटी यंत्रं लावली, पडद्यावर रेघा धावल्या. उजवा कान ठीक. डावाही ठीक. वासंतीने हाजराकडे बघून आपले दोन्ही कान धरले आणि मान डोलावली.

हाजरा रडली नाही. तिने फोन काढला, अरबीत टाइप केलं आणि वासंतीपुढे धरला. ‘आत्ता या क्षणी त्याला काय काय ऐकू येतंय?’

वासंती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ती या मजल्यावर होती, पण तिने कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. ती ऐकायला लागली. एसीची घरघर. शेजारच्या खोलीत कुणीतरी बाटली ठेवल्याचा टक्. कुबरा नाक ओढतेय. लांब कुठेतरी लिफ्टचं दार. आणि मग जवळच्या मशिदीतून दुपारची अजान सुरू झाली, काचेतून गाळून आल्यासारखी मंद. वासंतीने एकेक करून, चुकतमाकत, सगळं टाइप केलं. हाजरा वाचत होती आणि प्रत्येक ओळीनंतर बाळाच्या कानाकडे बघत होती, जणू तो आवाज आत शिरताना तिला दिसणार होता.

महिन्याभराने कुबराने सगळ्यांना जेवायला बोलावलं. बाळाचं नाव जवाद ठेवलं होतं. कतीफच्या त्या घरात खजुराचा गोड भात आणि तळलेली साफी मासळी होती. देवगडच्या वासंतीला तो वास दारातच माहेरचा वाटला. यज्ञेश आणि हाजराचा नवरा कसलातरी जुना रेडिओ उघडून बसले होते. निधी बाळाशी एकतर्फी इंग्रजी बोलत होती. ते झोपल्यावर तिला कंटाळा आला आणि ती गच्चीवर गेली.

वासंती हाजराबरोबर स्वयंपाकघरात होती. हाजरा पाठमोरी, मासे उलटत होती. तेवढ्यात भिंतीवरचा एक छोटा दिवा भराभर लुकलुकायला लागला. हाजराने मान वळवली, तो बघितला, गॅस बारीक केला आणि पळाली. वासंतीला काही कळेना. मग आतल्या खोलीतून जवादचं रडणं तिला ऐकू आलं, दणदणीत, रागावलेलं.

“तो रडला की दिवा लागतो,” मागून कुबरा म्हणाली. “तिच्या नवऱ्याने बसवलाय. प्रत्येक खोलीत एकेक. त्यांना ऐकू येत नाही ना, म्हणून.”

वासंती त्या दिव्याकडे बघत राहिली. हाजराने बाळाला उचललं असावं, कारण दिवा दोनदा लुकलुकला आणि शांत झाला. तव्यावरचे मासे करपायला लागले तेव्हा कुबराने तिला कोपराने ढोसलं.

“यल्ला, सिस्टर! उलटव ते. दिवे मग बघ.”